शिट्टीकाकांच्या टाकीतला एकेरी मार्ग

वाहतूक पोलिसांतल्या शिट्टीकाकांना दोन माणसं खपत नसत: उलट दिशेने येणारा आणि मध्येच घुसणारा. चौकात शिट्टी, घरात भुवई. सकाळी आंघोळीला आधी कोण, हेसुद्धा भुवईच ठरवायची. अशा माणसाने हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी मांडली, तेव्हा पाण्याची काय बिशाद होती!

टाकीतलं पाणी खेळतं ठेवणारे दोन्ही पंप एकाच काचेला, तोंडं एकाच दिशेला. पाणी समोरून सरळ जायचं, वळसा घालून शिस्तीत परत यायचं. टक्कर नाही, कोंडी नाही. घरी आलेल्या प्रत्येकाला काका ते छाती फुगवून दाखवायचे.

प्रवाळ मात्र दाखवण्यासारखं उरलं नव्हतं. बायकोने दुकानात तासभर घालवून निवडलेलं ते हिरवं प्रवाळ, पहिल्या दिवशी जाडजूड बोटं पसरून बसलेलं, आता मूठ आवळून होतं. एका कडेला आतला पांढरा सांगाडा दिसायला लागला होता. मत्स्यालयवाल्याने फोनवर स्पष्टच सांगितलं, संध्याकाळी येऊन घेऊन जातो, माझ्याकडे जगलं तर जगलं. बायको नुसती काच पुसत राहिली. काकांना तेच जास्त लागलं.

"प्रवाह वाढवून बघू का?" त्यांनी हळूच विचारलं.

"आधीच ते तोंडावर पाण्याचा मारा खातंय," ती म्हणाली. "आणि त्या दगडामागे बघा, सगळा गाळ साचलाय. तुमच्या पाण्याला तिकडे जायची परवानगी नाही वाटतं."

काकांनी माशांच्या खाद्याची चिमूट पंपासमोर सोडली आणि काचेला नाक लावलं. कण रांगेत सुटले, थेट प्रवाळावर आदळले, वळले, परत आले. दगडामागे एकही फिरकला नाही. काकांना बाजारातला रस्ता आठवला. त्यांनीच तो एकेरी करून घेतला होता. गाड्या सुसाट धावू लागल्या, आणि वळणावरच्या कोपऱ्यात कचऱ्याचा डोंगर झाला, कारण तिकडे कुणाचं चाकच वळेना.

"अगं, मी समुद्राला एकेरी मार्ग केला!"

बाह्या वर गेल्या. एक पंप उपटून पलीकडच्या बाजूच्या काचेवर बसवला. दोन्ही पंपांची तोंडं किंचित पुढच्या काचेकडे वळवली, म्हणजे प्रवाळावर थेट मारा नको, पण धारा मध्यावर भिडायला हव्यात. बटणाजवळ काकांचं बोट थबकलं.

"समोरासमोर सोडायचं?"

"सोडा. पावती मी फाडते."

धारा भिडल्या आणि टाकीत नुसती धमाल उडाली. खाद्याचे कण वर उडाले, गिरक्या घेत खाली आले, दगडामागे शिरले. तिथला गाळ उठून गाळणीकडे निघाला. काकांनी खुर्ची ओढली. चहा निवला तरी हलले नाहीत.

मत्स्यालयवाला बादली घेऊन आला, तेव्हा नवराबायको काचेला चिकटून बसले होते. कोणी या म्हणेना की बसा. तोही वाकला. हिरवं एक टोक फुगलं होतं. शेजारी दुसरं. मग तिसरं, आणि सगळी मिळून इकडे डुलली, तिकडे डुलली.

त्याने बादली पालथी घातली आणि तिच्यावरच बसला. "राहू दे इथंच," म्हणाला.

मधोमध दोन धारा पुन्हा धडकल्या. काकांचा उजवा हात आपोआप वर गेला, पंजा ताठ.

बायकोने तो अलगद खाली घेतला. "अहो, इथं तुमची ड्यूटी नाही."