तळघरातली हाक

डावा तळहात कानावर दाबायचा, मान जरा वर करायची आणि हाक द्यायची. हाक देऊन झाली की लगेच शेजारच्याला विचारायचं, "पोचली का रं?" आमच्या वस्तीतल्या आबांची ही सवय. बायकोला दोन घरांपलीकडून बोलवायचं असलं तरी हेच. "नदीपल्याड पोचली, आबा," आम्ही म्हणायचो. ते खूश व्हायचे.

असा एखादा आवाज तुमच्याही गल्लीत असेल. पण आबांच्या आवाजामागे कहाणी होती. कोरेगावकडच्या त्यांच्या गावात दवंडी पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घरात. धर्मांतर केलं त्या वर्षी त्यांनी डफडं चावडीच्या पायरीवर ठेवलं आणि सांगितलं, "दुसऱ्याचा सांगावा आता वरडणार न्हाई." गावानं त्यांना दुकान बंद केलं, गिरणी बंद केली. आबा बायकोला घेऊन सांगलीला आले.

सांगलीत आमच्या वस्तीला नळ नव्हता. बायका नदीवरून घागरी आणत. आम्ही तरुण पोरं पत्रकं काढून नगरपालिकेवर मोर्चे न्यायचो. लाउडस्पीकरला परवानगी मिळत नसे. आबा असल्यावर तो लागतही नसे. त्यांनी घोषणा दिली की वरच्या मजल्यावरची साहेबांची खिडकी धाडकन बंद व्हायची.

"पोचली," आबा म्हणायचे.

वस्तीच्या तोंडाशी एका हळद व्यापाऱ्याचा बंगला होता. शेठनी घरी सिनेमा दाखवायचं यंत्र आणलं. रविवारी दिवाणखान्यात सिनेमा लागला की वस्ती खिडकीखाली बसून गाणी ऐकायची. आबाही बसायचे. शेठना ते खपेना. पूर्वी ज्या तळघरात हळदीची पोती रचत, तिथं यंत्र न्यायचं त्यांनी ठरवलं. आवाजाचा थेंबही बाहेर जाऊ नये म्हणून भिंती आतून मढवायच्या होत्या. ते काम आबांनी घेतलं.

मी भडकलो. "आपल्याला फुकटचं गाणंसुद्धा मिळू नये म्हणून ही भिंत आहे आबा, आणि तिला तुम्ही हात लावता?"

"मग काय तुझी पत्रकं खाऊ? शाईला चव न्हाई गड्या."

भिंतीवर लाकडी पट्ट्या, पट्ट्यांमध्ये काथ्या आणि जुन्या गाद्यांचा कापूस ठासायचा, वरून गोणपाट ताणायचं. किती ठासलं म्हणजे पुरे, हे पाहायला आबांकडे एकच साधन होतं. आपला आवाज. शेठ वर अंगणात खुर्ची टाकून बसत. आबा खालून हाक देत. ऐकू आली की आणखी एक थर. परीक्षा चोख व्हावी म्हणून आबांनी हवेची भोकं सगळ्यांत आधी बुजवून टाकली. मग त्या कोंडलेल्या जागेत ते कापूस झोडपत. तोंडाला ओलं फडकं बांधत, पण हाक द्यायची तर ते सोडावंच लागे.

संध्याकाळी वर येत ते पिवळे होऊन. बायका चेष्टा करत, "आवं आबा, पुन्हा बोहल्यावर चढताय व्हय?"

"व्हय, आन् नवरी म्हंजी ह्यो खोकला, बायांनो," आबा म्हणत आणि खोकत.

काम संपलं त्या दिवशी मी फाटकाशी उभा होतो. आबा खाली जाऊन बराच वेळ झाला होता. शेवटी ते बाहेर आले.

"आली का ऐकू, मालक?"

"ओरडलास तरी का?" शेठनी विचारलं. आबांनी मान डोलावली तसे शेठ खूश होऊन उठले.

वाटेत मी विचारलं, "काय ओरडलात?"

"समदं. नळाचं वरडलो, गावाचं वरडलो. शेठच्या बापाला बी सोडला न्हाई. लय मोकळं वाटलं रं." आम्ही दोघं हसलो. माझं हसू थांबलं. आबांचा खोकला थांबला नाही.

पुढच्या मोर्च्याच्या दिवशी नगरपालिकेत आमच्याच नळाचा विषय होता. सभासद वर जमले होते. आवारात वस्ती उभी, बायका रिकाम्या घागरी घेऊन. आबांनी तळहात कानावर दाबला, मान वर केली. गळ्याच्या शिरा फुगल्या. फाटक्या भात्यातून निघावी तशी नुसती हवा बाहेर आली. मागच्यांना काही ऐकूच आलं नाही, म्हणून त्यांनी साथ दिली नाही. मी ओरडलो. माझा आवाज आवारातल्या पिंपळापाशीच संपला.

वरची खिडकी उघडीच राहिली. ती बंद करायची कुणाला गरज वाटली नाही. विषय पुढे ढकलला गेला आणि तसाच राहिला.

आबा त्यानंतर फार जगले नाहीत. अखेरीस अंथरुणावर पडल्या पडल्या ते हात कानाकडे न्यायचे, ओठ हलवायचे आणि माझ्याकडे बघायचे.

"पोचली, आबा," मी म्हणालो.

त्यांनी सावकाश मान हलवली. न्हाई.

अजूनही रविवारी बंगल्यापुढे मोटारी लागतात, त्यावरून आत सिनेमा चालू आहे एवढं कळतं. त्याच भिंतीकडेनं बायका घागरी घेऊन नदीला जातात. आबांचं काम पक्कं होतं. आतलं काही बाहेर येत नाही.