अनसूया घरात कशी आली?

सुनीतीमावशींच्या टीव्हीवरची मराठी वाहिनी मी घालवली. दुपारी साडेचारला, कुणी सांगितलेलं नसताना. "मावशी, चित्र जरा फिकं दिसतंय, मिनिटात नीट करतो," म्हणालो आणि सेट-टॉप बॉक्सला सगळं पुसून पहिल्यापासून सुरू व्हायला सांगितलं. सत्तावीस वर्षं बँकेत अधिकारी आहे, पण माझा हुकूम इतक्या तत्परतेने कुणी पाळलेला नाही. मिनिटभराने चित्र आलं आणि झकास आलं. फक्त ते बंगाली बातम्यांचं होतं. मराठी वाहिनीच्या नंबरावर नुसता निळा पडदा.

"शरद," मावशी अगदी शांतपणे म्हणाल्या, "आज कुठला दिवस आहे?"

त्या दिवशी साडेसातला 'कुलकर्ण्यांचं दार' ही मालिका परत सुरू होणार होती.

आम्ही बदलीवाले कोलकात्यात तीन वर्षांसाठी येतो. पहिलं वर्ष इथल्या माशांना नावं ठेवण्यात जातं, दुसरं ते खाण्यात आणि तिसरं बदली लांबवण्यात. मावशींचं तसं नाही. त्यांचा जन्म इथला, चौतीस वर्षं मुलींना भूगोल शिकवला तोही इथेच, आणि आता सॉल्ट लेकच्या दुसऱ्या मजल्यावरून त्या अख्ख्या वस्तीला शिस्त लावतात. केबलवर मराठी वाहिनी आली ती त्यांच्यामुळे. बावीस घरांच्या सह्यांचा अर्ज दिला होता. त्यातली मराठी घरं नऊच. शेजारच्या मारवाडी शेटजींनी तर तो गटाराचा अर्ज समजून सही केली होती.

आणि मालिका म्हणाल, तर चार वर्षांपूर्वी वाहिनीने ती मध्येच बंद केली. शेवटच्या भागात थोरली सून अनसूया गव्हाची खीर गॅसवर ठेवून दूध आणायला बाहेर पडली, आणि संपलं. चार वर्षं बाई दुधाला गेली आहे! ती कुठे गेली, कुणाबरोबर गेली, कुणाच्या गाडीखाली तर आली नाही ना, यावर नऊ घरांत मिळून जितकी चर्चा झाली तितकी आमच्या बँकेत थकीत कर्जांवरही होत नाही. मावशींना मात्र एकच हवं होतं. अनसूया दारातून आत येताना त्यांना बघायचं होतं.

म्हणून सकाळपासून घरात लगीनघाई होती. दाराला तोरण. स्वयंपाकघरात पातेलंभर खीर, तीही दूध न घालता, कारण दूध अनसूया आणणार! आठ बायका काठापदराच्या साड्या नेसून येणार होत्या. आल्या आल्या प्रत्येकीने आपला फोन पोळ्यांच्या डब्यात टाकायचा, असा मावशींचा नियम. पुण्याच्या नणंदा आणि जावा ऐन प्रसंगात फोन करून "बघितलंस का गं?" विचारतात, म्हणून.

"मावशी, मोबाइलवर बघता येईल की," मी चाचरत म्हणालो.

"खिशातल्या फोटोपुढे आरती करतोस का रे तू गणपतीत?"

मावशींचे यजमान श्यामराव पेपरामागून म्हणाले, "शरदराव, लग्नाला शेहेचाळीस वर्षं झाली. ह्या घरातल्या रिमोटला मी बोट लावलेलं नाही. त्यामागे काही विचार असेल की नाही?"

मी पळालो. तेरा नंबरच्या पाण्याच्या टाकीपाशी केबलवाल्या तपनदांचं दुकान आहे. ते कुरमुरे खात होते.

"मराठी?" त्यांनी कपाळावर हात मारला. "दादा, वो तो ऑफिस से चालू होगा. आपने हात क्यों लगाया? दिदिमा को मालूम है?" दिदिमा म्हणजे आजी, म्हणजे आमच्या मावशी.

"मालूम है."

त्यांनी कुरमुऱ्यांची पुडी माझ्यापुढे केली. त्यांना माझी खरोखर दया आली असावी. मग ऑफिसला फोन. तिकडे कुणी उचलेना. उचलला तेव्हा साहेब चहाला गेलेले. "हो जाएगा, टेन्शन मत लीजिए," असं तपनदांनी मला अकरा वेळा सांगितलं. या शहरात या वाक्याइतकं रक्तदाब वाढवणारं दुसरं काही नाही.

सात वीसला त्यांना स्कूटरवर मागे घालून आणलं. खोलीत आठ साड्या आणि एक निळा पडदा. साडेसात वाजले. सात पस्तीस. पोळ्यांच्या डब्यात एक फोन वाजला, मग दुसरा, मग सगळा डबाच थरथरायला लागला. पुण्याला दिसलं होतं!

"कुणी उचलायचा नाही," मावशी म्हणाल्या.

सात एकेचाळीसला चित्र आलं. शेजारच्या मौसमीबौदींना मराठी ओ की ठो कळत नाही, पण आनंद कळतो. त्यांनी घरून आणलेला शंख फुंकला, त्यात पहिले दोन संवाद बुडाले. आणि पडद्यावर अनसूया सोफ्यावर बसून चहा पीत होती.

म्हणजे ती आली होती. दारातून आली, खिडकीतून आली, दूध आणलं की नाही, काही म्हणता काही कळेना. कमलताई रडायलाच लागल्या. कुणीतरी माझ्याकडे बघून "बँकेतले ना हे?" असं विचारलं. मावशी ताठ बसून बघत राहिल्या. भाग संपल्यावर त्यांनी आठही जणींना खीर वाढली, तशीच, बिनदुधाची. तपनदांना वाटीभर जास्त. मला मिळाली, पण वाटीत चमचा नव्हता.

मग जाहीर केलं, "उद्या सकाळी अकराला हाच भाग पुन्हा दाखवणार आहेत. सगळ्यांनी यायचं. तोवर कुणी फोन उचलणार नाही, पुण्याचा तर नाहीच."

सगळ्या पांगल्यावर मी चपला घालत दारात रेंगाळलो. खरं सांगतो, माझ्याही डोक्याला भुंगा लागला होता. चार वर्षं बाहेर राहून ही बाई सरळ सोफ्यावर बसते? सासू काही म्हणाली नाही?

"मावशी," मी म्हणालो, "झालं ते झालं. उद्या मी अर्धी रजा टाकतो. अकराला येऊ ना?"

"साडेअकरानंतर ये."