हात राहू दे, तोंड नोको

"नोकराले शौक नसते, बुढ्या. नोकराले काम असते."

हे वाक्य लेकीच्या मोबाईलवर आलं तेव्हा मी पडवीत बसून बैलांचं तणस कापून राहिलो होतो. वाक्याखाली पिवळी तोंडं. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसणारी. एक आलं, दुसरं आलं, मग रांगच लागली.

लिहिणारा आमच्या गावच्या मालगुजाराचा, जुन्या जमीनदाराचा, नातू. हसणारे कोण ते मला माहीत नाही. बालाघाटचे असतील, भंडाऱ्याचे असतील, गडचिरोलीचे असतील. त्यांनी मला कधी पाहिलं नव्हतं. पण माझ्यावर हसायला त्यांना ओळख लागली नाही.

मी चौथीपर्यंत शिकलो. तेवढ्या अक्षरांत सांगतो.

पटावरची, म्हणजे बैलांच्या शर्यतीवरची, बंदी उठली आणि आमच्या भागात पुन्हा बैलांच्या जोड्या पळू लागल्या. पटशौकिनांचा एक गट निघाला मोबाईलवर. कुठं पट आहे, चिठ्ठी कुठं मिळते, सगळं त्याच्यावर येते. चिठ्ठी म्हणजे जोडी उतरवायचा परवाना. माझ्याकडे एक जोडी आहे, लाल्या आणि चांद्या. गोऱ्हे होते तेव्हापासून मी वाढवले. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या जोड्या हाकल्या, धुरकरी म्हणून. धुरकरी म्हणजे छकडीवर बसून जोडी पळवणारा. आपली जोडी ही पहिलीच. म्हणून मी गटात गेलो. फोन माझ्या लेकीचा. ती बिड्या वळते, एकटी आहे, माझ्यासोबतच राहते.

गटाचा नियम होता. नवीन माणसानं आपली ओळख द्यायची. नाव, गाव, शौक काय, दिवस कसा जातो, आणि एक फोटो. मी आधी दुसऱ्यांच्या ओळखी वाचल्या. एक दवाखानेवाला होता, त्याचा शौक पट, बुलेट आणि मटण. एक ठेकेदार, काळा चष्मा लावून बैलाच्या गळ्यात हात टाकून उभा. बैल तिकडं पाहून राहिला, हा इकडं. मला हसू आलं. म्हटलं, चांगले लोक आहेत, आपल्यासारखेच पागल.

मग मालगुजाराच्या नातवाची ओळख आली. गट त्याचाच. त्यानं दोन फोटो टाकले होते. एकात त्याच्या बैठकीची भिंत, भिंतीवर टांगलेली जुनी तुतारी, तिला प्लास्टिकच्या झेंडूचा हार. तुतारी म्हणजे बैलाला टोचायची काठी, टोकाला लोखंडी आर असलेली. आता कायद्यानं ती बंद आहे. दुसरा फोटो जुना, काळा पांढरा. मालगुजार मिशीला पीळ देऊन उभा, बाजूला जोडी. खाली लिहिलं होतं, "आजोबांची नंबर एक जोडी. शौक रक्तात असावा लागतो."

मी तो फोटो बोटांनी मोठा केला. डावीकडे, फोटो संपतो तिथं, एक हात आहे. फक्त हात. कासरा धरलेला. अंगठ्याला फडकं गुंडाळलेलं, फडक्यावर काळा डाग.

तो हात माझा आहे. तो डाग रक्ताचा आहे. शौक कोणाच्या रक्तात होता ते त्या फडक्यावर दिसते.

तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. पट केशोरीच्या अंगाला होता. मालगुजाराची जोडी मी हाकून राहिलो होतो. धावपट्टीच्या मधात कासऱ्याचा वेढा माझ्या उजव्या अंगठ्याला बसला आणि बैलांनी झटका दिला. अंगठ्याचं वरचं पेर गेलं. मी कासरा सोडला नाही. जोडी पहिली आली. थांबता थांबता डाव्या बाजूचा बैल गुडघ्यावर पडला आणि मी छकडीवरून खाली.

मालगुजार धावत आला. मला ओलांडून बैलाकडे गेला. त्याचा पाय चाचपला. खूर तडकला होता. मग मागं फिरला. मी उठून राहिलो होतो, हात छातीशी धरून. तो म्हणाला, "साल्यानं बैल मारला माझा." आणि तुतारी उलटी न करता, आरेच्या बाजूनंच, माझ्या पाठीत घातली. एकदा. मग ओढून काढली. मग दुसऱ्यांदा. लोक पाहत होते. कोणी तरी म्हणालं, "मालक, पुरे." कोणी तरी हसलं. आणि वर भोंग्यावर पुकारा चालू होता, मालगुजाराची जोडी पहिली, मालगुजाराची जोडी पहिली. भोंगा जोडीच्या मालकाचं नाव घेतो. धुरकऱ्याचं घेत नाही.

मग गोंदियावरून आलेला फोटोवाला पुढं झाला. बैल बिथरलेले, मी अंगठ्याला फडकं गुंडाळून कासरा धरून उभा. फोटोवाल्यानं विचारलं, "इसको हटाऊँ क्या?"

मालगुजार म्हणाला, "हात राहू दे, नाही त जोडी उधळंल. तोंड नोको येऊ देऊ."

हे शब्द जसेच्या तसे आहेत. मी विसरलो नाही.

आता माझी लाज सांगतो. त्याच दिवशी मी त्याच बैलांना पाणी पाजलं. दुसऱ्या दिवशी त्याच गोठ्यात शेण काढलं. अकरा वर्षं आणखी राहिलो. कोणी विचारलं तर म्हणायचो, मालक रागीट आहे, पण मनाचा मोठा आहे. माझ्याच तोंडानं म्हणायचो. पाठ तिकडं पिकून राहिली होती आणि तोंड त्याचं गुणगान करून राहिलं होतं.

त्या दिवशी फोनमधला हात पाहिला आणि मी उठलो. लेकीला म्हटलं, "फोटो काढ माह्या. पहिले तोंडाचा. मंग पाठीचा."

"आंगातलं काढून फोटो कोनी टाकते का, बाबा?"

"मी टाकतो."

तिनं काढला. पाठीवरचे ते दोन खड्डे तिनं लहानपणापासून पाहिलेले. मी तिला सांगितलं होतं, फोड झाले होते. त्या दिवशी खरं सांगितलं. बिडीचं सूप तिनं इतक्या जोरानं आपटलं की पानं पडवीभर उडाली.

मग मी डाव्या हाताच्या एका बोटानं ओळख लिहिली. दुपारची संध्याकाळ झाली. नाव लिहिलं. गाव लिहिलं. पुढं असं लिहिलं:

"माझा शौक पट. कोंबडं आरवलं की उठतो. लाल्या, चांद्याला चोळतो, धानाच्या बांधीच्या धुऱ्यावरून फिरवून आणतो. भात आणि लाखोळीची डाळ खातो. एक खोली आहे, ती बैलांना दिली, आम्ही पडवीत राहतो. तुतारी वापरत नाही. जिभेच्या आवाजानं जोडी पळवतो. वरच्या जुन्या फोटोत डावीकडे जो हात आहे तो माझा. तेव्हा तोंड येऊ दिलं नव्हतं, म्हणून आता टाकलं. भिंतीवरची तुतारी कुठं कुठं शिरली ते दुसऱ्या फोटोत आहे."

त्याचं उत्तर म्हणजे ते वाक्य. नोकराले शौक नसते. दवाखानेवाल्यानं लिहिलं, "नौकर भी शौकीन हो गया, वाह." चष्मेवाल्यानं लिहिलं, "बैलाचा फोटो टाक बे, तुहा कायले टाकतं?" मग माझं लिहिलेलं गायब झालं. मी पुन्हा लिहिलं. पुन्हा गायब. तिसऱ्यांदा लिहिलं आणि मीच गायब झालो, गटातून.

दुसऱ्या दिवशी नातवाचा फोन आला. आवाज गोड. "काका, आपल्या वावरात पट ठेवला आहे. तुमची जोडी उतरवाची आहे ना? या घरी. चिठ्ठी घेऊन जा."

गेलो. तीच बैठक. भिंतीवर तीच तुतारी, हार घातलेली. खाली चौकटीत तोच फोटो. नातू सोफ्यावर बसलेला. मला बस म्हणाला नाही. मी उभाच होतो, त्याच्या आज्यासमोर उभा राहायचो तसा. पायांना सवय असते.

त्यानं आपला फोन पुढं केला. त्यावर माझ्या नावानं लिहून ठेवलं होतं: मी खोटं बोललो. मालकांनी मला लेकरासारखं पोसलं. पाठीवरचे डाग बैलाच्या शिंगाचे आहेत. खाली माझं नाव. सगळं तयार.

"तुम्ही फक्त अंगठा दाबा. गटात जाते. मंग ही घ्या चिठ्ठी."

चिठ्ठी टेबलावर होती. लाल्या, चांद्या तिच्यावर लिहिलेलं होतं. मालकाच्या जागी माझं नाव. छापलेलं. मी कधी माझं नाव छापलेलं पाहिलं नव्हतं. खोटं कायले बोलू, हात पुढं गेला होता माझा. मग मला माझा हात दिसला. माझ्या बापानं या घरात कागदांवर अंगठे दिले, त्याच्या बापानं दिले. मी म्हटलं, "माहा अंगठा तुह्या आज्याकडंच आहे. त्यालेच माग."

तो उठला. "माज आला का बे तुले?" म्हणाला आणि मला छातीत ढकललं. मी टेबलाच्या कोपऱ्यावर पडलो. ओठ फुटला. तोंडात रक्ताची चव आली, तीच जुनी. तो वरून म्हणाला, "आज्यानं टोचलं तवा त गप होता ना? मंग आताच काऊन बोंबलून राहिला?"

त्याचं खरं होतं. म्हणूनच ते सगळ्यात जास्त लागलं.

मी उठलो. भिंतीवरून तुतारी ओढली. हार तुटून प्लास्टिकचे झेंडू फरशीवर गेले. पहिला घाव फोटोवर घातला. काच फुटून त्याच्या पायाशी पडली. दुसरा त्याच्या हातातल्या फोनवर. तो मागं सरकत भिंतीला टेकला आणि मी आर त्याच्या गळ्याच्या घाटीवर ठेवली. घाटी वर गेली, खाली आली. आर तिच्यासोबत हलली. काठी माझ्या हातात होती. सत्तरी उलटलेला हात.

"काका..." तो म्हणाला.

टोचायचं मन होतं. साधुसंत नाही मी. नुसतं वजन टाकायचं होतं, बस. पण मला एक दिसलं. मी टोचलं असतं, तर उद्या त्या गटात एकच गोष्ट चालली असती, मालगुजाराच्या घरचं कुत्रं चावलं म्हणून. माझ्या पाठीची गोष्ट त्याच्या गळ्याखाली दबली असती. पुन्हा हात आला असता, तोंड नाही.

आर काढली. त्याच्या गळ्यावर लाल थेंबाएवढा ठिपका राहिला. तेवढा राहू द्या. मी म्हटलं, "हे चिठ्ठी तुह्याजवळ ठेव. तुह्या वावरात माही जोडी उतरनार नाही."

तुतारी घेऊन मी गावाच्या मधल्या रस्त्यानं टोलीवर, आमच्या वस्तीत, आलो. लपवली नाही. ओट्यावर बसलेल्या लोकांनी पाहिलं. कोणी हसलं नाही. घरी येऊन गुडघ्यावर मोडली आणि चुलीत घातली. जुना बांबू, मस्त जळला. लाखोळीची डाळ शिजली त्याच्यावर. लेकीनं वाढली, मी दोनदा मागून घेतली. आर जळली नाही. ती मी दाराच्या चौकटीत ठोकली. लाल्या, चांद्याचा कासरा तिच्यावर टांगतो.

नातवानं ठाण्यात रपट दिली असं कळलं. चोरी आणि जीव घ्यायचा प्रयत्न. बोलावलं की जाईन. कुर्ता काढून जाईन. आधी माझी पाठ लिहा म्हणेन, मग त्याचा गळा लिहा.

इटियाडोह धरणाच्या खालच्या एका गावात पट आहे. तिथल्या लोकांनी जोडी लिहून घेतली आहे. छकडीवर मी स्वतः बसणार. लेक म्हणाली, "हाडं राहतील का जाग्यावर?" मी म्हटलं, "नाही राहिले त गोळा करून आनजो."

माझं नाव मी त्या गटात तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं गेलं. इथं लिहीत नाही. त्या मैदानात भोंगेवाल्याला आधीच सांगून आलो आहे. जोडी सुटण्याआधी नाव दोनदा पुकारायचं. एकदा मालकाचं, एकदा धुरकऱ्याचं. तो म्हणाला, "पन बाबा, दोन्ही नाव त एकच आहे." मी म्हटलं, "म्हनूनच दोनदा."

पहिला येवो की शेवटचा, कासरा माझ्या हातात राहील. आणि यावेळी कोणी फोटो काढायला आलं आणि तोंड सोडून काढला, तर मी जोडी त्याच्या अंगावर घालीन.