हाऱ्याला हात न लावणारी

गर्भाची पिशवी काढल्यावर सात आठवडे मी कमळजामातेशी बोलले नाही. अबोलाच धरला. वीस वर्षं तिच्या देवळावरून भाजीचे हारे, म्हणजे मोठाल्या टोपल्या, वाहिले, येता-जाता हात जोडले, आणि दोन वर्षं माझ्या अंगावरून जात होतं तेव्हा तिला काही ऐकू आलं नाही. शेवटी बुलढाण्याला जाऊन पोट चिरून घ्यावं लागलं. खाटेवर पडल्या पडल्या मी तिला सुनवायची भाषणं तयार केली. एकाहून एक सरस होती. ऐकायला भिंतीवरची पाल होती, ती मान डोलवायची. ती देवी तिथे खरंच आहे का, एवढा एक प्रश्न मात्र मी पालीलाही विचारला नाही. तो मनातच ठेवला, आणि तोच जास्त टोचत राहिला.

आमचं काम सांगते. लोणारच्या विवरात, सरोवराच्या वरच्या अंगाला तेव्हा पपई-केळीचे आणि भाजीचे मळे होते. आम्ही ज्यांना मामा म्हणायचो त्यांच्या मळ्यातला माल आम्ही सहा बायका डोक्यावरून वर गावात नेत असू. चढ असा, की तोंडाळ बाईसुद्धा अर्ध्या वाटेत गप्प होते. भरलेला हारा एकटीला डोक्यावर घेता येत नाही, समोरून दुसरीचा हात लागतो. म्हणून आमच्यात रीत होती : भांडण असो, सुतक असो, भरल्या हाऱ्याजवळ उभ्या असलेल्या बाईला हात लावायला नाही म्हणायचं नाही. कासाबाई आमची म्होरकी. एकदा तिचा-माझा चार महिने अबोला होता, तरी रोज आम्ही एकमेकींचा हारा उचलून देत होतो, तोंडं फिरवून.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, तीन महिने भरली कळशीही उचलायची नाही. पण पिशवी काढलेली बाई म्हणजे पोकळ मडकं, अशी आमच्याकडे समजूत. मामांच्या कानावर गेलं की माझी जागा गेलीच. म्हणून दुसरबीडला माहेरी भावजयीच्या बाळंतपणाला जाते, असं सांगून मी गेले. ऑपरेशननंतर खरंच माहेरी जाऊन पडले, म्हणजे खोटं निम्मंच होतं. सात आठवड्यांनी घरी परतले तर कळलं, माझ्या जागी सुलतानपूरहून आलेली एक नवी सून हारा वाहते आहे.

मग कसला धीर. बाजाराच्या दिवशी कामावर जायचंच ठरवलं आणि आदल्या दिवशी डोक्यावर रिकामा हारा घेऊन अंगणात तालीम केली. मान ताठ, पाऊल ठसक्यात. घरधनी ओसरीवर दाढी करत होते.

"नाटकात घेतलं काय तुले?" ते म्हणाले. "डॉक्टरीणबाई तीन महिने म्हणे ना?"

"डॉक्टरीणबाई येते काय हारा वाहाले?"

बाजाराच्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी खाली उतरले. बाकीच्या येतील तेव्हा त्यांना मी भरला हारा घेऊन निम्मा चढ चढलेली दिसायला हवी होते. पपया भरल्या, वर मेथीच्या जुड्या रचल्या, चुंबळ डोक्यावर ठेवली. आणि तेव्हा लक्षात आलं, की सर्वांच्या आधी आले म्हणजे हात लावायला कोणीच नाही. एवढी हुशार मी. गुडघ्यापर्यंत हारा उचलून पाहिला, तर पोटात आतून कळ ओढली गेली. एका हाताने पोट धरलं, दुसरा जमिनीला टेकला आणि मटकन बसले. समोर देवीचं देऊळ. अबोला मोडून म्हटलं, "माय, बाकी काही मागत नाही. हात लावाले कोणाले तरी धाड."

थोड्या वेळाने देवळाकडून एक म्हातारी आली. हिरवं लुगडं, पायात चपला नाहीत, ओळखीची नाही. मला आनंद झाला.

"मावशी, हात लाव व जरा."

तिने हारा पाहिला, मला पाहिलं. "नाही लावत."

वीस वर्षांत हे शब्द मी कोणाच्या तोंडून ऐकले नव्हते. "काऊन? हात दुखून राह्यले काय तुहे?"

"हात चांगले हायेत."

"मंग देवीच्या दारात पाप काऊन घेऊन राह्यली?"

"ते मंग पाहू. कवा झालं आपरेशन?"

"कायचं आपरेशन?"

"बसली तवा पह्यले पोट धरलं, मंग जमीन. माही सून बी अशीच बसे. दीड महिन्यात घागरी वाहाले लागली. आतून टाके सुटले, गाडीत घालून परत नेली." म्हातारी खाली बसली, मेथीच्या जुड्या बाजूला सारल्या आणि माझ्या हाऱ्यातली एक पपई काढून जमिनीवर ठेवली. "घरी आलीच नाही."

मग ती एकेक पपई काढून ठेवत राहिली. मी तिला अडवलं नाही. भाषणं पाठ होती, पण एकही आठवेना.

तेवढ्यात कासाबाई आणि बाकीच्या उतरून आल्या. म्हातारी त्यांना म्हणाली, "बायाहो, हिचं पोट चिरेल हाये. हिच्या हाऱ्याले हात लावू नोका."

मी मान खाली घातली. आता जागा गेली, असं मनात आलं.

"आमाले माहीत हाये," कासाबाई म्हणाली. "दोन उशा घेऊन बुलढाण्याच्या गाडीत बसली अन् म्हणे दुसरबीडले चालली. आंधळ्या हाओत काय आमी?"

"मंग बोलली काऊन नाही?"

"तू सांगशीन म्हणून वाट पाहून राह्यलो होतो. अन् हे सुलतानपूरची पोरगी मीच आणली. मामांनं दुसरी कोणी कायमची ठेवली असती त काय केलं असतं तू? हे तुही जागा धरून हाये. तू आली का हे आपल्या वावरात जाते."

ती पोरगी पदरात तोंड लपवून हसत होती. मी रडले. हे मात्र नाटक नव्हतं.

पुढचे दोन महिने मी मळ्यात बसून जुड्या बांधल्या. मामांना कळलं असणारच, पण ते एवढंच म्हणाले, "तुह्या जुड्या घट्ट असतात." मग अर्ध्या हाऱ्याने सुरुवात केली आणि पुढे कितीतरी वर्षं तो चढ चढले.

त्या सकाळी डोळे पुसून पाहिलं तेव्हा म्हातारी निघून गेली होती. कासाबाई म्हणाली, वरच्या वाटेने गेली असेल. असेलही. मी देवळात जाऊन आले, तिथे कोणी नव्हतं. ती कोण, कुठली, हे मी नंतर शोधलं नाही. जे मिळायचं ते मला मिळालं होतं. तिच्या त्या न पाहिलेल्या सुनेसाठी मात्र मी दर नवरात्रात देवीसमोर एक दिवा लावते.

पूर्वी मी देवीला मागणं मागायची, आणि ते तिने कसं पुरं करायचं तेही तिलाच शिकवायची. आता समोर उभी राहते, काय झालं ते खरं खरं सांगते, आणि गप्प बसते. माझ्यासारख्या बाईला त्यातलं गप्प बसणं सर्वांत जड जातं. पण तेवढं ओझं उचलायला डॉक्टरीणबाईंची मनाई नाही.