गेल्या वाटेनं परत

बदलीचा आदेश आला त्या दिवशी मी तो घडी करून खिशात घातला आणि आधी जेवून घेतलं. गडचिरोलीच्या जंगलात पोलीस म्हणून बारा वर्षं काढल्यावर माणूस चांगल्या बातमीवर लगेच विश्वास ठेवत नाही. आंतरजिल्हा बदलीचा अर्ज टाकायचा आणि टाकलाच नाही असं वागायचं, ही आमची रीत. मिळालीच, तर नव्या जिल्ह्यात ज्येष्ठता शून्यापासून सुरू होते आणि कालचं भरती झालेलं पोरगं तुमच्या वर बसतं. अर्ज देतानाच मी साहेबांना म्हटलं होतं, सगळ्यांत खाली बसवा, दाराबाहेर बसवा, पण परभणीत बसवा.

मी मूळचा गंगाखेडकडचा. गडचिरोलीला भरती निघाली होती म्हणून गेलो, दुसरं काही मोठं कारण नव्हतं. लग्न झालं तेव्हा मी तिकडंच होतो. बायकोला जंगलात नेणं शक्य नव्हतं, म्हणून ती परभणीशेजारच्या पिंगळीत माहेराजवळ दोन खोल्या घेऊन राहिली आणि ब्लाऊज शिवायला लागली. आम्हांला लेकरू झालं नाही. लोक कारण विचारतात. मी सांगतो, रजा मंजूर झाली नाही. लोक हसतात आणि विषय बदलतात, मलाही तेच हवं असतं.

परभणीजवळचं एक ठाणं मिळालं. ड्युटी म्हणजे समन्स बजावणं, जत्रेचा बंदोबस्त, बांधावरून झालेली भांडणं, कुणाची म्हैस कुणाच्या कडब्यात शिरली ते बघणं. पहिल्याच दिवशी ठाण्यातल्या जुन्या हवालदारानं समजावलं, ‘‘इथं लय काई होत न्हाई. झोपा निवांत.’’ झोप काही आली नाही, पण सांगितल्याबद्दल बरं वाटलं.

अडचण अशी की जंगलातले नियम माझ्या पायांत बसले होते. तिकडं गेल्या वाटेनं परत यायचं नाही. जमलं तर वाटेवर पायच ठेवायचा नाही, कारण खाली कुठं सुरुंग पुरलाय कुणाला ठाऊक. चालताना पुढच्या माणसापासून लांब राहायचं, म्हणजे गेलाच तर एकटा जाईल. आणि कधी निघालो, कधी पोचणार, हे फोनवर घरच्या माणसालाही बोलायचं नाही.

पिंगळीत आल्यावर पहिल्यांदा आम्ही दोघं बाजाराला निघालो, तर मी आपसूक तिच्यापासून चांगला लांब, रस्त्याच्या दुसऱ्या कडेनं चालायला लागलो. वांगी विकणाऱ्या बाईनं तिला विचारलं, ‘‘भांडण झालंय का वो मालकासंगं?’’

‘‘न्हाई,’’ बायको वांगं दाबून बघत म्हणाली, ‘‘पोलीस हायत ते.’’

बाईला तेवढं पुरलं. मी मात्र रस्ता ओलांडून तिच्या बाजूला येऊन उभा राहिलो आणि पिशवी धरली.

खरी फजिती झाली पेडगावकडं. समन्स द्यायला एका शेतवस्तीवर जायचं होतं. रस्त्यापासून वस्तीपर्यंत चांगली मळलेली पायवाट होती. बैलगाडीही जाईल एवढी. मी ती सोडली आणि शेजारच्या हरभऱ्यातून सरळ चालत सुटलो. हरभरा घाट्यांवर आलेला. त्याची आंब, पानांवरचं आंबट दव, बुटांना लागत होती, पँटीला लागत होती, आणि माझं लक्ष फक्त पुढच्या झाडाकडं. तेवढ्यात बांधाच्या धुऱ्यावरून एक म्हातारी ओरडली, ‘‘वो जमादार! वाट चावायलीय का तुमाला?’’

मी जागच्या जागी थांबलो. तिला काय सांगणार? तिकडं वाट खरंच चावायची. माझ्यासमोर चावली होती. पण त्या म्हातारीचा हरभरा तुडवला होता, आणि तिच्या दृष्टीनं एवढीच खरी गोष्ट होती. मी माफी मागितली. तीही फार ताणणारी नव्हती. म्हणाली, ‘‘बरं, काम करून या. येताना इकडूनच या, च्या ठिवते.’’

‘‘येतो,’’ मी म्हणालो, आणि समन्स देऊन दुसऱ्याच बाजूनं, ओढ्याच्या कडेनं, रस्त्याला लागलो. मनात काही नव्हतं. पाय वळले.

पुढच्या आठवड्यात परत तिकडं गेलो तर म्हातारीनं गाठलंच. ‘‘च्याचा काढा झाला उकळून उकळून. न्हाई यायचं तर न्हाई म्हणावं की. माणूस वाट बगतंय.’’

मी चहा पिऊन आलो, दोन कप प्यालो, पण ते शेवटचं बोलणं डोक्यातून जाईना. बारा वर्षं मी वाट बघूनच पाऊल टाकत होतो आणि त्यातलंच शहाणपण मिरवत होतो. पिंगळीत एक बाई लग्न झाल्यापासून वाट बघत होती, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्या दोन्हींना आपल्या भाषेत शब्द एकच आहे, हे त्या दिवशी ध्यानात आलं.

लग्नानंतर पहिली दोन-तीन वर्षं ती फोनवर विचारायची, ‘‘कधी येणार?’’ मी म्हणायचो, ‘‘बघू.’’ पुन्हा विचारायची, मी पुन्हा ‘‘बघू.’’ मग तिनं विचारणं सोडून दिलं. रजा मिळाली की मी न कळवता दारात उभा राहायचो. ती पाणी आणून द्यायची, मशीनवरचं कापड बाजूला करायची आणि कुकर लावायची.

माझ्या ‘बघू’मागं नुसता खात्याचा नियम नव्हता. माझ्या शेजारच्या खाटेवर नांदेडकडचा एक जण असायचा. स्वभावानं मोकळा, घोरण्यात तर फारच मोकळा. रजा मंजूर झाली तसा त्यानं घरी फोन लावला आणि आम्हां सगळ्यांच्या देखत सांगितलं, ‘‘रविवारी येतो. पुरणाचं कर.’’ शनिवारी आम्ही गस्तीला निघालो. तो परतला नाही. त्याच्या घरी डाळ भिजत घातली होती का, शिजली होती का, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. पण तेव्हापासून ‘अमक्या वेळेला येतो’ हे शब्द माझ्या तोंडातून निघेनात. बोललं की होत नाही, अशी भीती बसली. शिकलेल्या माणसाला अशी भीती शोभत नाही म्हणतात. मला ती शोभत होती की नाही हे बघायला मी आरशासमोर गेलो नाही.

पिंगळीत रोज घरी यायला लागलो तरी हे सुटलं नाही. सकाळी निघताना बायको डबा द्यायची. मी बुटाची नाडी बांधत रेंगाळायचो. ती काही विचारायची नाही. पलीकडच्या घरात एसटीचे कंडक्टर राहतात. त्यांची बायको भिंतीवरून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायची, ‘‘किती वाजता येणार? येताना कोथिंबीर आणा! मागल्या खेपंसारखी पिवळी नका आणू!’’ कंडक्टर वैतागून स्कूटरला लाथा घालायचे. मला त्या माणसाचा हेवा वाटायचा. एकदा मी न सांगता कोथिंबीर घेऊन आलो. बायकोनं सकाळीच घेतली होती. माझ्या भरवशावर ती कशालाच थांबत नव्हती, आणि त्याबद्दल तिला बोल लावायला मला तोंड नव्हतं.

तिनं विचारावं, असं मला वाटत होतं. फार वाटत होतं. पण विचारलं तर आपण काय सांगणार, हेही कळत नव्हतं.

माझ्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी मी आतल्या खोलीत शेंगा खात बसलो होतो. बाहेर एक बाई लेकीच्या लग्नाचे ब्लाऊज टाकायला आली होती. मापं झाली, गळा किती खोल यावर चर्चा झाली. जाता जाता बाई म्हणाली, ‘‘आमचे मालक एकदा भेटतो म्हणायलेत तुमच्या सायबाला. संध्याकाळी असतेत का वो?’’

बायको म्हणाली, ‘‘त्यांचं काई सांगता येत न्हाई बगा.’’

तिच्या आवाजात राग नव्हता, तक्रार नव्हती. लाईट राहील की जाईल हे सांगता येत नाही, तसं ती म्हणाली. आणि लगेच पुढं, ‘‘तुमचे ब्लाऊज शुक्रवारी दुपारी न्या. तीनला. तीन म्हंजे तीनच.’’ तिचं हे पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. शिंपी आणि वेळ यांचं कधी जमत नाही म्हणतात, पण हिनं दिलेली वेळ चुकत नाही.

मी हातातली शेंग खाली ठेवली. ‘काही सांगता येत नाही’ हे वाक्य आपल्याकडं डॉक्टर म्हणतात, खोलीच्या बाहेर येऊन, नातेवाइकांना. मी धडधाकट माणूस, शेंगा खात घरात बसलो होतो, गोळी लागलेली नाही, ताप नाही, आणि माझी बायको माझ्याबद्दल तसं सांगत होती. सगळ्या गावाला दिवस आणि वेळ ठरवून सांगणाऱ्या बाईला एक माझाच भरवसा नव्हता. मला रडू आलं. शेंगांची टरफलं गोळा करायच्या निमित्तानं मी खाली वाकून राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मशीनवर बसली होती. मी बूट घातले, नाडी बांधली, सोडली, परत बांधली. शेवटी बुटाकडं बघतच म्हणालो, ‘‘संध्याकाळी सातला येतो.’’

मशीनचं चाक थांबलं.

‘‘कोण?’’ तिनं विचारलं.

‘‘मी.’’

ती बघत राहिली. मला वाटलं आता हसेल, पण नाही हसली. ‘‘बरं,’’ म्हणाली, आणि चाक परत फिरलं. मी फाटकाची कडी काढतो न काढतो तोच मागून आवाज आला, ‘‘येताना मशीनच्या सुया आणा! सोळा नंबर!’’

मी ठाण्यात जायच्या आधी सुया घेतल्या. विसरायला नको म्हणून. दुकानदारानं एक पाकीट दिलं, मी दोन मागितली.

त्या दिवशी काम नेहमीचंच होतं. दोन भावांमध्ये सामाईक बोअरच्या पाण्यावरून लाठीपर्यंत गेलेलं प्रकरण. दोघांना बसवलं, ऐकून घेतलं, एकमेकांच्या पोरांची लग्नं कशी लावणार म्हणून विचारलं. दुपारपासून माझा डोळा घड्याळावर. मिटलं तेव्हा थोरला भाऊ म्हणाला, ‘‘सायेब, च्या घेतल्याबिगर जायचं न्हाई.’’ च्या न घेता उठलो असतो तर समेट मोडला असता. घेतला. धाकट्याच्या घरीही घ्यावा लागला, नाहीतर मी थोरल्याकडचा झालो असतो.

गाडी हाणत पिंगळीजवळ आलो तर रेल्वेचं फाटक लागलेलं. पुढं उसाच्या ट्रॉल्या उभ्या, त्यातल्या एकीवर मोठ्यानं गाणी लावलेली. सात वाजून गेले. मालगाडी संपता संपत नव्हती. बोललो ना आपण, मला वाटलं, वेळ बोलून दाखवली ना. खाटेवर पडून फोनवर हसत बोलणारा तो नांदेडचा मला स्पष्ट दिसला. फोन खिशात होता, पण बाहेर असताना घरी फोन करायचा असतो हेच मला सुचलं नाही, आणि मी बाहेर असताना मला फोन करायचा नाही हे तिला मीच शिकवून ठेवलं होतं.

मग पुढच्या ट्रॅक्टरवाल्यानं मागं वळून, ‘‘साहेब, तंबाखू हाय का?’’ म्हणून विचारलं. मी त्याच्याकडं बघितलं. काहीही झालं नव्हतं. कुणी पडलं नव्हतं, कुणी पळत नव्हतं. नुसतं फाटक लागलं होतं.

गल्लीच्या तोंडाशी बायको उभी होती. पदर खोचलेला, हाताला ज्वारीचं पीठ. कंडक्टरांची बायकोही भिंतीवरून बघत होती, आणि तिच्या मागं कंडक्टर.

‘‘सात म्हणलात न्हवं?’’ बायको गल्लीतच सुरू झाली. ‘‘सात म्हंजे किती वाजता असतंय तुमच्यात? भाकरी केल्या, वाळून पापड झाल्या. फोन न्हाई, निरोप न्हाई. मला काय वाटलं असंल, काई हाय का डोक्यात?’’ तिचा आवाज मध्येच फुटला. तिनं पिठाच्या हातानंच डोळे पुसले आणि परत बोलायला लागली, आधीपेक्षा मोठ्यानं.

‘‘फाटक लागलं होतं,’’ मी म्हणालो.

‘‘फाटक लागलं होतं म्हणं! रोजच लागतंय फाटक!’’

कंडक्टरांनी माझ्याकडं बघून मान हलवली, भोगा आता, अशी. मी गाडी मुद्दाम सावकाश लावत राहिलो. तिनं अजून बोलावं, रात्र होईपर्यंत बोलावं, असं मला वाटत होतं. आमच्या सबंध संसारात मी कधी वेळेवर आलो नव्हतो, तसा उशिराही आलो नव्हतो. आज मला पहिल्यांदा उशीर झाला होता.