न उघडलेला कल्ला

आज सून दारात बांगड्याचा कल्ला उघडून तो ताजा हाय का बघत होती, नि मला माझे पाटी घेऊन फिरायचे दिवस आठवले.

ऐंशी सालाच्या पुढची गोष्ट. नवऱ्याचा पाय होडीवर मोडलेला, चूल माझ्या मासळीच्या पाटीवर. मिरजोळ्याच्या कारखान्यातल्या कॅन्टीनचा आचारी दुसरीकडून मासळी घ्यायचा, तरी मी रोज जायची. तो कल्ला उघडायच्या आधीच सांगायची, "दादा, आज बर्फातली शिळी हाय, नको घेऊ."

सासू म्हणायची, "विकायला जातेस की फिरायला गो?"

एकदा ताजे बांगडे मिळाले. म्हटलं, "आज घे."

त्यानं सगळी पाटी आत ओतली. कल्ला कधी उघडतो म्हणून मी उभीच.

"जा गो बाय," तो म्हणाला, "तू सांगितलंस ना."