जोडवीवाली अक्का

अक्काच्या कपाळाला कुंकू नव्हतं, गळ्यात मणी नव्हते आणि पायांची बोटं मोकळी होती. अशी बाई रोज सकाळी दारात पाट टाकून बसायची आणि गल्लीभर ऐकू जाईल अशी आरोळी ठोकायची, "जोडवी घ्या, जोडवी! ताजी जोडवी!" नवखा माणूस थबकायचाच. एकदा लग्नाच्या खरेदीला सोलापुरात आलेला एक शेतकरी खरोखरीच पुढे झाला आणि जोड कसा दिला म्हणून विचारू लागला. अक्कानं त्याच्या तळहातावर एक ठेवलं. तो उलटसुलट करून बघत राहिला.

"चांदीचं न्हाय व्हय हे?"

"न्हाय. पर ह्ये कुनाला पायातनं काढून न्हेता येत न्हाय. खा."

जोडवी म्हणजे बिस्किटं. एकावर एक दोन गोल, मधे लाल मुरंबा, आणि वरच्या गोलाला मधोमध भोक. त्यातून मुरंबा खड्यासारखा चमकायचा. अक्काचा नवरा रेल्वेत, इंजिनात कोळसा टाकायला होता. तो पटकीनं गेला. पोरबाळ नव्हतं. मोडनिंबला सासरी जाऊन कोपऱ्यात बसायचं सोडून अक्कानं एका गोऱ्या गार्डाच्या मडमेकडं आयाचं काम धरलं. मडम नाताळात ही बिस्किटं करायची, विलायती डब्यातला मुरंबा घालून. पुढं मडम मायदेशी गेली आणि अक्कानं आपल्या खोलीतच तो उद्योग मांडला. विलायती डबा कुठला परवडायला? तिनं बाजारातून लाल अंबाडीची बोंडं आणली, ज्यांची आपण चटणी करतो तीच. ती शिजवून, गाळून, साखरेत आटवली की असा काही आंबटगोड लालभडक मुरंबा व्हायचा! "मडमेच्या डब्यात नुसता पाक व्हता," अक्का म्हणायची, "ह्यात जीव हाय."

भट्टी म्हणजे चुलीवरचं एक जाड बुडाचं तपेलं. तळाला वाळू, वाळूवर ताटली, वर झाकण आणि झाकणावर निखारे. पीठ वस्त्रगाळ. गोल पाडायला वाटी आणि भोक पाडायला शिंप्याचं बोटात घालायचं पितळी अंगुस्तान. निखारे सारताना ती म्हणायची, "वरनं बी आग, खालनं बी आग. बाईच्या जातीला ह्ये काय नवं हाय?" एखादा घाणा करपला तर ती करपलेली बिस्किटं कधी टाकायची नाही की कुणाला द्यायची नाही. दारात बसून, सगळ्यांसमोर, कुडुम् कुडुम् आवाज करत स्वतः खायची. कुणी हसलं तर आणखी मोठ्यानं चावायची.

मी तिच्या शेजारच्या खोलीत राहायला आले तेव्हा नुकतं लग्न झालेलं होतं. माळशिरसकडची मी. तिसरीतच शाळा सुटली होती, आणि आमचे मालक गिरणीत मागावर होते. मला सगळ्याची भीती वाटायची. गिरणीच्या भोंग्याची, नळावरच्या बायकांची, लोक काय म्हणतील याची तर सगळ्यात जास्त. अक्का मुरंबा उतरवायच्या आधी गार ताटलीत त्याचा थेंब टाकून बघायची. थेंब ओघळला की म्हणायची, "ह्यो बग, तुज्यासारका. नुसता पळतोय. बस की म्हनावं एका जागी!" मग थेंब जागच्या जागी बसेपर्यंत ती तो आटवायची, आणि तोवर मला ढवळायला बसवायची.

त्या काळी पाव-बिस्किट खाल्लं की माणूस बाटतो, अशी आमच्याकडं पक्की समजूत. पहिलं बिस्किट मी तिच्या भिडेपोटी खाल्लं आणि चूळ भरायला मोरीकडं धावले. परत येऊन रडकुंडीला येऊन विचारलं, "अक्का, मी बाटले का वो?"

"बगू, जीब दाव." मी जीभ काढली. तिनं गंभीर तोंड करून बघितली. "लाल झालीया. बाटलीस की! आता दुसरं खा. एकदा बाटलेलं मानूस परत बाटत न्हाय."

एके दिवशी मोडनिंबहून तिचा दीर आला, भावकीतले दोन म्हातारे बरोबर घेऊन. मी अक्काच्या खोलीत पीठ चाळत होते, ती तशीच कोपऱ्यात सरकले. दीर उंबऱ्याच्या आत आला नाही. तिथूनच म्हणाला, "वैनी, बोचकं बांदा. लई झाली थेरं."

"कसली थेरं, भावजी?"

"सायबाचं खानं करून इकताय. वर त्येला नाव काय, तर जोडवी! रांडमुंड बाईनं असलं नाव घ्यावं? दादाची तरी याद ठिवायची."

अक्कानं हातातलं पीठ झटकलं. "याद हाय की. तुमच्या दादानं घातली, आन् त्यो गेला तवा तुमीच पकड लावून काडली. बोट सुजल्यालं माजं. कातडं सोलून निगालं तरी तुमी थांबला न्हाईसा. पायातली न्हेली, आता ताटातली बी न्ह्यायला आलाय व्हय?"

 बरोबरच्या म्हाताऱ्यांतला एक पुढं झाला. "बाय, शेवटचं सांगतू. आज आली न्हाईस, तर आमच्या लेखी तू मेलीस."

"मग हितंच रडून घ्या की. रडं दाबून मोडनिंबपत्तोर कशाला न्हेताय?"

असं म्हणून तिनं ताटातलं एक जोडवं उचललं आणि त्यांच्यासमोर सावकाश खाल्लं. ते पाणीही न पिता गेले.

ते नुसतं बोलणं नव्हतं. काही दिवसांनी बाजाराला आलेल्या मोडनिंबच्या एका माणसानं येऊन सांगितलं की दिरानं गवताची बाहुली करून जाळली, मडकं फोडलं, दहावं-तेरावं घातलं आणि गाव जेवला. जिवंत बाईचं तेरावं! गल्लीत ही बातमी पसरली आणि अक्काच्या दारात गिऱ्हाईक येईना. मेलेल्या बाईच्या हातचं कोण खाणार? नळावर बायका तिची घागर बघून बाजूला व्हायच्या. गल्लीनं पाठ फिरवली की अक्काला बोचकं बांधावंच लागणार, हे दिराला पक्कं ठाऊक होतं. अक्कालाही होतं. एक अख्खा दिवस तिची भट्टी पेटली नाही. ती भिंतीला टेकून, पाय पसरून नुसती बसून होती. मी दोनदा दाराशी जाऊन परत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं भट्टी पेटवली आणि घाण्यावर घाणे काढत राहिली. दुपारी, गिरणीची पाळी सुटायच्या वेळेला, तिनं गल्लीच्या मधोमध सतरंजी टाकली, ताटं मांडली आणि हाक दिली, "चला रं, जेवाय चला! माजं तेरावं हाय. गावानं घातलं, मला बोलावलं न्हाय. आता माजं मी घालतीया!"

दारं धडाधड लागली. जी उघडी होती त्यांच्यातून माणसं बघत होती, पण पाऊल कुणाचं बाहेर पडेना. माझं एक पाऊल उंबऱ्याबाहेर होतं, एक आत.  मालक पाळीवरून येऊन दाराशी उभे होते. त्यांच्याकडं बघितलं तर तेही माझ्याकडंच बघत होते.

तेवढ्यात समोरच्या खोलीतली तेलुगू म्हातारी, जिला सगळी गल्ली आम्मा म्हणायची, काठी टेकत बाहेर आली. सतरंजीवर बसली, एक बिस्किट तोंडात टाकलं, बराच वेळ बोळक्या तोंडात घोळवलं आणि मोठ्यानं म्हणाली, "मेलेला बाई असं गोड करते काय? मग मी पण उद्या मरते!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग माझं दुसरं पाऊल बाहेर पडलं. मी आम्माशेजारी जाऊन बसले आणि माझ्यामागून मालकही आले. ते माझ्यामागून आले, ही गोष्ट मला आजही खरी वाटत नाही. मग हळूहळू सतरंजी भरली.

"थांबा," अक्का एकदम म्हणाली, "कावळ्याचा घास राहिला की!" तिनं एक जोडवं भिंतीवर ठेवलं. कावळा आला, मान वाकडी करून बघू लागला, आणि शिवला नाही. आणखी एक आला. तोही शिवला नाही. सगळ्यांचे हात ताटातच थांबले. कावळा शिवला नाही की गेलेल्याची काही इच्छा मागं राहिली, हे लहान पोरालाही ठाऊक असतं.

अक्का कमरेवर हात ठेवून कावळ्यांकडं बघत होती. मग असं काही खदखदून हसली! "शानं हाय पाखरू. त्येला कळलंय. लई इच्छा राहिल्यात माज्या अजून, लई!"

त्यानंतर तिच्या दारात कुणी मेली-जितीचा विषय काढला नाही.

पुढं काही वर्षांनी गिरणीतलं काम सुटलं आणि आम्ही इंदूरच्या गिरणीकडं निघालो. इथं येऊनही बरीच वर्षं झाली. भाषा वेगळी, माणसं वेगळी, आणि भीती अजूनही वाटतेच मला. पण भीत भीत का होईना, उंबऱ्याबाहेर दुसरं पाऊल टाकता येतं, हे मला अक्काच्या गल्लीत कळलं. शाळेत एवढं कुणी शिकवलं नव्हतं.

निघायच्या दिवशी टांगा गल्लीच्या तोंडाशी उभा होता. मी अक्काच्या पाया पडायला निघाले, तर बोचकं काखेत घेतलेली एक बाई माझ्या आधी तिच्या दाराशी जाऊन उभी. कपाळ मोकळं, मनगटावर बांगड्या फुटल्याचे ओरखडे अजून ताजे. अक्कानं वर बघितलं आणि तिच्या हातातली चाळण थांबली. ती दिराची बायको होती, तिची धाकटी जाऊ.

"अक्का," जाऊ म्हणाली, "त्ये गेलं. मला तितं ऱ्हायाचं न्हाय. आत घेतीस का?" मग मान खाली घालून हळूच म्हणाली, "म्या जेवले व्हते तुज्या तेराव्याला."

अक्कानं चाळण खाली ठेवली. 

"काय केलं व्हतं?"

"लापशी."

"कशी झाल्ती?"

जावेनं डोळे पुसले. "कच्ची व्हती. गूळ बी कमीच."

"वाटलंच मला," अक्का म्हणाली, आणि पाट सरकवून वाट मोकळी केली. "तितं कुनाला धड काय करता येत न्हाय. ये आत, हात धू, पीठ मळाय घे."